तीन आकड्यांचे वचन : सेमँटिक व्हर्जनिंग आणि २०१६ चे ‘लेफ्ट-पॅड’ प्रकरण

१/१०
२२ मार्च २०१६. जगभरातील असंख्य प्रोग्रामरांच्या पडद्यांवर एकच त्रुटी झळकू लागली : ‘लेफ्ट-पॅड’ हे पॅकेज सापडत नाही. मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्ये भरून त्याची लांबी ठरावीक करणे, एवढेच या पॅकेजचे काम. कोड अवघा ११ ओळींचा. तो नाहीसा होताच बेबलसारख्या नामांकित साधनांवर विसंबलेली कामे खोळंबली.

२/१०
या घटनेची मुळे जुनी आहेत. दुसऱ्याने लिहिलेला कोड वापरला की त्यातील बदलांची टांगती तलवार डोक्यावर राहते. १९९० च्या दशकात विंडोजवर एखादा नवा प्रोग्राम सामायिक लायब्ररीची स्वतःची आवृत्ती बसवी आणि काल चालणारा जुना प्रोग्राम आज बंद पडे. या त्रासाला ‘डीएलएल हेल’ असे नावच पडले होते.

३/१०
आवृत्तीचा क्रमांक तेव्हाही असे. पण त्याचा अर्थ ज्याचा त्याने ठरवावा, अशी स्थिती होती. गिटहबचे सहसंस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी या क्रमांकांना व्याकरण दिले. ‘सेमँटिक व्हर्जनिंग’ हे त्याचे नाव. त्या नियमावलीची २.०.० ही आवृत्ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली.

४/१०
व्याकरण सोपे होते. २.४.१ चे २.४.२ झाले, तर केवळ दोष दुरुस्त झाला. २.५.० झाले, तर नवी सोय आली, पण जुने सारे पूर्ववत चालेल. ३.०.० झाले, तर सावध व्हावे : जुना कोड मोडू शकतो. क्रमांक आता जाहिरात राहिला नाही. लेखकाने वापरणाऱ्याला दिलेले ते वचन झाले.

५/१०
जावास्क्रिप्टच्या जगात ‘एनपीएम’ या भांडाराने हे वचन यंत्राच्या हाती सोपवले. ‘२.४.१ किंवा त्यापुढील, पण ३ च्या आतील’ अशी मागणी नोंदवली, की योग्य आवृत्ती आपोआप उतरे. एका पॅकेजच्या पोटात दुसरे, दुसऱ्याच्या पोटात तिसरे. आपला प्रकल्प कोणाकोणावर उभा आहे, हे अनेकांना ठाऊकही नसे.

६/१०
अशात एका नावावरून वाद उद्भवला. एका विकसकाच्या पॅकेजचे नाव ‘किक’ होते आणि त्याच नावाच्या कॅनडातील कंपनीला ते हवे होते. एनपीएमने कौल कंपनीच्या बाजूने दिला. विकसकाने निषेध म्हणून आपली २७३ पॅकेजे काढून घेतली. भांडाराचे तेव्हाचे नियम त्याला तशी मुभा देत होते. ‘लेफ्ट-पॅड’ त्यांपैकीच एक.

७/१०
अवघ्या दहा मिनिटांत दुसऱ्या एका प्रोग्रामरने हुबेहूब तेच काम करणारे पॅकेज त्याच नावाने प्रसिद्ध केले. तरीही त्रुटी थांबेनात. कारण? नव्या पॅकेजचा क्रमांक होता १.०.० आणि साखळीतील एका पॅकेजने नेमकी ०.०.३ हीच आवृत्ती मागितली होती. काम तेच होते, पण यंत्र क्रमांक पाहत होते.

८/१०
यातील विसंगती लक्षणीय आहे. सेमँटिक व्हर्जनिंगनुसार शून्याने सुरू होणारा क्रमांक म्हणजे ‘अजून घडण सुरू आहे, काहीही बदलू शकते’. म्हणजे ज्या पॅकेजच्या क्रमांकाने स्थैर्याची कोणतीही हमी दिली नव्हती, त्याच्यावर एवढा डोलारा उभा होता. शिवाय प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीचा मजकूर बदलू नये, असे नियमावली बजावते. ती आवृत्ती कायम उपलब्ध राहावी, असे मात्र कोठेही म्हणत नाही.

९/१०
अखेर एनपीएमने मूळ ०.०.३ राखीव प्रतीतून परत आणली. गोंधळ सुमारे अडीच तास चालला. त्यानंतर नियम बदलला : प्रसिद्धीला २४ तास उलटलेली आवृत्ती लेखकाला परस्पर काढता येणार नाही, असे तेव्हा ठरले. २०१७ मध्ये आलेल्या एनपीएम ५ पासून, उतरवलेल्या प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी ‘लॉक फाइल’ आपोआप तयार होऊ लागली.

१०/१०
या बदलांचा अर्थ तांत्रिक बाबींपुरता मर्यादित नाही. तोवर भांडार हे लेखकाचे दुकान होते : वाटेल तेव्हा माल मांडावा, वाटेल तेव्हा उचलावा. २०१६ नंतर ते दप्तरखान्याच्या जवळ गेले. तेथे एकदा दाखल झालेला कागद एकट्या लिहिणाऱ्याचा राहत नाही. त्यात लेखकाचे स्वातंत्र्य घटले आणि विसंबणाऱ्यांची सुरक्षितता वाढली. वचन क्रमांकाने देता येते. ते निभावण्यासाठी संस्था लागते, आणि तिची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.