वाळ्याचा पडदा ओला कोण ठेवायचं?

"विज्ञानात पीएचडी करतेस, मग जुन्या मिशनऱ्यांची पत्रं कशाला वाचत बसतेस?" गेल्या महिन्यात तुमच्यापैकी तिघाचौघांनी हा प्रश्न विचारला. उत्तर लांबलचक आहे. त्यात माझी एक चूकही आहे. ती शेवटी सांगते, कारण ती आधी सांगितली तर तुम्ही पुढचं वाचणार नाही.

माझा विषय म्हणजे उन्हात काम करणाऱ्या शेतमजुरांच्या शरीरावर येणारा उष्णतेचा ताण. क्षेत्र माझंच गाव, पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. आमच्याकडचा मिरचीचा बाजार तुम्ही ऐकून असाल. लागवड एप्रिल-मेच्या उन्हात आणि तोडे पावसाळ्यात, म्हणजे एकदा कोरडी उष्णता आणि एकदा दमट. दोन्ही कामांत वाकलेल्या पाठी बहुतेक बायकांच्या.

पूर्वीच्या संशोधनाचा आढावा लिहिताना मी सुरुवात १९५७ पासून केली होती. त्या साली यागलू आणि मिनार्ड यांनी अमेरिकन मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण तळांवरच्या कामातून उष्माघात टाळण्यासाठीचा निर्देशांक मांडला. हवेचं तापमान, ओल्या फडक्याच्या तापमापीचं तापमान आणि काळ्या गोळ्यातलं तापमान, असे तीन आकडे एकत्र करणारा. आजही आपण तोच वापरतो. माझ्या गाईडनी मसुदा परत दिला आणि समासात एवढंच लिहिलं, "त्याआधी माणसांना उकडत नव्हतं का?"

म्हणून मी मागे गेले. १८९९-१९०० च्या दुष्काळात अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) भागात अमेरिकन मराठी मिशनचे लोक मदतकार्य करत होते. त्यांतले रॉबर्ट ह्यूम जन्माने मुंबईकर, १८४७ चे. दुष्काळातल्या कामासाठी १९०० मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी न्यूयॉर्कहून 'क्विटो' नावाची बोट सुमारे २ लाख बुशेल मका घेऊन मुंबईला आली. तिकडे मिरजेत विल्यम वॉनलेस हे मूळचे कॅनडाचे डॉक्टर. १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला आणि १९२८ पर्यंत राहिले. आजच्या भाषेत हे सगळे परदेशी मदत कार्यकर्तेच. बोस्टनच्या 'मिशनरी हेरल्ड' मासिकाचे जुने अंक इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतात. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, छापलेली पत्रं देणगीदारांसाठी निवडलेली असायची. देणगीदाराचं मन वळेल ते छापलं जाणार, बाकीचं कापलं जाणार.

त्या काळच्या परदेशी माणसाचा उन्हाळ्यातला दिवस साधारण असा असे. उजाडायच्या आत उठायचं. बाहेरची कामं, म्हणजे दुष्काळी कामाची पाहणी, धान्यवाटप, आजाऱ्यांना भेटी, ऊन चढायच्या आत आटपायची. मग बंगल्याची दारं-खिडक्या बंद. वाऱ्याच्या बाजूच्या दाराला वाळ्याचा पडदा, त्यावर सतत पाणी. छताला कापडी पंखा, त्याची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर. संध्याकाळी पुन्हा काम, रात्री अंगणात मच्छरदाणीत खाट. पाणी उकळून, मातीच्या भांड्यात गार केलेलं. आणि ज्याला जमेल तो मे महिन्यात महाबळेश्वरला. सगळ्यांनाच जमायचं असं नाही, आणि दुष्काळात तर नाहीच.

आता वाळ्याच्या पडद्याचं विज्ञान बघा, कारण ते खरंच सुंदर आहे. समजा जालन्यात दुपारी ४२ अंश आहे आणि आर्द्रता १५ टक्के. ओल्या फडक्याची तापमापी तिथे साधारण २२ अंश दाखवेल. बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त तिथपर्यंत गार होऊ शकते, म्हणजे हातात २० अंशांचा फरक आहे. पडदा तेवढा काही गाठत नाही, पण निम्मा जरी गाठला तरी खोली राहण्यासारखी होते. आता मुंबई घ्या, ३३ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के. ओली तापमापी २९ च्या आसपास. पडदा भिजवून भिजवून तुम्हाला मिळणार ४ अंश आणि वर घरभर दमटपणा. आपला डेझर्ट कूलर मराठवाड्यात चालतो आणि मुंबईत रडतो, त्याचं कारणही हेच.

गंमत अशी की ज्यांच्या घरात हे तत्त्व रोज चालत होतं, त्यांचं वैद्यकशास्त्र मात्र भलतीकडेच बघत होतं. उन्हातले किरण कवटीतून आणि पाठीच्या कण्यातून आत शिरतात असा समज होता. म्हणून शोल्याची जाड टोपी, म्हणून पाठीवर कण्याची गादी. १९०५ मध्ये चार्ल्स वुडरफ या अमेरिकन लष्करी डॉक्टरने गोऱ्या माणसावर उष्ण प्रदेशातल्या प्रकाशाचा काय परिणाम होतो यावर आख्खं पुस्तक लिहिलं. पुढे फिलिपाइन्समध्ये अमेरिकन सैनिकांना नारिंगी-लाल रंगाचे आतले कपडे घालून प्रयोगही झाला. म्हणे तो रंग घातक किरण अडवेल. फायदा शून्य निघाला, उलट कपडे गरम व्हायचे. हसू नका. त्यांनी निदान प्रयोग केला, तुलनेसाठी साधे कपडे घातलेला गट ठेवला आणि नकारार्थी निष्कर्ष छापला. आपल्यापैकी किती जण तेवढं करतात?

आणि त्याच १९०५ साली जे. एस. हाल्डेन यांनी दाखवून दिलं की शरीराचं तापमान चढतं ते हवेच्या तापमानापेक्षा ओल्या तापमापीच्या आकड्यावर. स्थिर हवेत तो साधारण ३१ अंशांच्या वर गेला की माणूस स्वतःला गार ठेवू शकत नाही. घाम येऊन चालत नाही, तो उडायला हवा. हाल्डेन यांना हे कळलं ते खाणमजुरांच्या प्रश्नातून. बंगल्यातल्या साहेबाकडे बघून ते कळणं अवघडच होतं.

इथे मी वाचताना थांबले. हाल्डेनची अट पाळायची तर घामासाठी शरीरात पाणी हवं. कोरड्या उन्हात खडी फोडणाऱ्या किंवा तलाव खोदणाऱ्या माणसाचा तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. १९०० च्या उन्हाळ्यात दुष्काळी छावण्यांत पाण्याचीच मारामार होती, आणि जे होतं त्यातून कॉलरा पसरत होता. मग मी वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे, पत्र लिहिणाऱ्याला गार कशाने वाटलं. उजवीकडे, ते पाणी कोणी आणलं, दोरी कोणी ओढली. डावा रकाना भराभर भरला. उजवा जवळजवळ रिकामा राहिला.

अशा लिखाणात पंखेवाला भेटतो तो बहुधा झोपला म्हणून. पंखा थांबला की साहेब जागा होतो आणि मग त्या माणसाची नोंद होते. झोपलेल्या पंखेवाल्यांना मारहाण झाली, काही मेले, खटले झाले. तेव्हा बचाव असायचा की मलेरियाने त्याची प्लीहा आधीच मोठी झाली होती, मार तसा किरकोळच होता. पडदा भिजवणाऱ्या भिश्त्याची तर तेवढीही नोंद नाही, कारण त्याला बसायलाच मिळायचं नाही. या मिशनऱ्यांनी माणसं जगवली यात मला शंका नाही. ह्यूम किंवा वॉनलेस यांना खाली खेचायचा माझा उद्देश नाही. पण त्यांच्या उन्हाळ्याचं वर्णन वापरताना तो कोणाच्या तरी कष्टावर गार झालेला उन्हाळा आहे, हे मोजमापात धरावं लागतं.

गावाच्या बाजूनं नोंद वेगळीच राहते. १९७२ च्या दुष्काळाबद्दल आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारा. परदेशी माणसाचा चेहरा कोणाला आठवत नाही, अमेरिकेतून आलेली लाल 'मिलो' ज्वारी आठवते. आणि खडी आठवते. अपवाद असतात. हर्मन बाकर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट १९४८ मध्ये आले आणि अहमदनगरच्या कोरडवाहू गावांत त्यांनी उभं आयुष्य काढलं. त्यांच्या पुढाकारातून सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातलंच जालन्याजवळचं कडवंची.

आता माझी चूक.

गेल्या मे महिन्यात मी शेताच्या बांधावर ओली तापमापी लावली. तिच्या बुडाशी छोटी बाटली असते, त्यातल्या पाण्याने वात ओली राहते. उन्हात बाटली लवकर आटते. मी दिवसभर तिथे थांबू शकत नव्हते, म्हणून शेतातल्या काकूंना सांगितलं, "तेवढं पाणी घालत जा." त्यांनी इमानेइतबारे घातलं. अकराव्या दिवशी वात हातात घेतली तर कडक, पांढरी. विहिरीच्या पाण्यातले क्षार तिच्यावर बसले होते. अशा वातीतून बाष्पीभवन कमी होतं, तापमापी हवी तेवढी गार होत नाही आणि आकडा जास्त येतो. म्हणजे माझ्या नोंदींत उष्णतेचा ताण खऱ्यापेक्षा जास्त दिसत होता. चूक माझ्या गृहीतकाच्या सोयीची होती, म्हणूनच अकरा दिवस मला शंका आली नाही. पाठ्यपुस्तकात स्वच्छ लिहिलंय, ऊर्ध्वपातित पाणी वापरा. मी कॅन घरी विसरले होते आणि "पाणी ते पाणी" म्हणून पुढे गेले.

सगळा डेटा टाकला. काकूंना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "तुह्या मशिनीला येळच्या येळी पाणी पाजलं पोरी. आमची घागर तर दोपारीच सरायची."

विहीर बांधापासून लांब आहे, मे महिन्यात तिच्यात पाणी किती असतं हेही मला ठाऊक होतं. माझ्या बाटलीतलं पाणी त्याच घागरीतलं होतं. सात-आठ बायकांच्या पिण्याच्या घागरीतलं. मी घामाचं गणित मांडत होते आणि त्यांच्या पाण्याचा वाटा माझं यंत्र पीत होतं. थोडासाच, पण माझ्या नोंदवहीत त्याला जागाच नव्हती.

यंदा कॅन मी स्वतः नेते, वात दर तीन दिवसांनी बदलते. नोंदीच्या तक्त्यात दोन रकाने वाढवलेत, घागर किती वाजता संपली आणि पुन्हा भरायला कोण गेलं. पहिल्या आठवड्यात सातपैकी पाच दिवस घागर साडेबाराच्या आत संपली. भरायला दर वेळी सगळ्यांत लहान सून गेली, आणि तेवढ्या वेळाची तिची ओळ बाकीच्यांनी ओढली.