विजयपुरी वाचली का?

कृष्णेच्या उजव्या तीरावर, तीन बाजूंनी नल्लमलाच्या डोंगररांगांनी वेढलेले एक खोरे होते. चौथी बाजू नदीची. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांत तिथे इक्ष्वाकू राजांची राजधानी विजयपुरी नांदत होती. आज तिथे नागार्जुनसागर धरणाचे पाणी आहे आणि खोऱ्यातला नागार्जुनकोंडा हा डोंगर बेट होऊन पाण्याबाहेर उरला आहे. प्रवासी नावेने तिथे उतरतात, वस्तुसंग्रहालय आणि नव्याने रचलेले अवशेष पाहतात आणि परततात. धरणही झाले आणि वारसाही वाचला, अशी ही गोष्ट सहसा सांगितली जाते. ती खरी आहे, पण निम्मी.

मराठीत 'वाचणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. संकटातून माणूस वाचतो आणि आपण पुस्तकही वाचतो. भाषांतराच्या कामात हे दोन अर्थ मला नेहमी एकमेकांजवळ दिसतात, कारण जे नीट वाचले जात नाही ते दुसऱ्या भाषेत गेल्यावर वाचत नाही. विजयपुरीच्या बाबतीत हे दोन अर्थ तपासून पाहण्यासारखे आहेत.

१९२६ मध्ये ए. रंगस्वामी सरस्वती यांना या खोऱ्यातील अवशेष आढळले. १९२७ ते १९३१ या काळात ए. एच. लाँगहर्स्ट यांनी तिथे उत्खनन केले. १९३८ मध्ये टी. एन. रामचंद्रन यांनी आणखी काही भाग उकरला. या टप्प्यांत भर मुख्यतः बौद्ध स्तूप, विहार आणि शिल्पांवर होता. पुढे धरणाचा निर्णय झाला. खोरे बुडणार हे स्पष्ट होताच १९५४ पासून आर. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखाली मोठी मोहीम सुरू झाली आणि १९६० पर्यंत चालली. दरम्यान १० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. एकीकडे भिंत चढत होती, दुसरीकडे माती उतरत होती.

या घाईने एक चांगली गोष्ट केली. निवडक टेकाडे उकरण्याऐवजी सगळे खोरेच अभ्यासाचा विषय झाले. पुराश्मयुगीन हत्यारे, नवाश्मयुगीन वस्तीच्या खुणा, महापाषाणीय दफने, राजधानीची तटबंदी, पायऱ्यांचे कुंड, नदीचा घाट, दगडी पायऱ्यांचे प्रेक्षागार, ब्राह्मणी देवळे असे सारे हाती आले. धरण आले नसते तर या खोऱ्याकडे इतक्या माणसांनी, इतक्या बारकाईने, इतक्या लवकर पाहिले असते असे वाटत नाही. बुडवायचे ठरले म्हणून ते वाचायला घेतले गेले.

आणि वाचण्यासारखे तिथे पुष्कळ होते. ब्राह्मी लिपीतल्या प्राकृत लेखांत दान देणाऱ्या स्त्रिया ठळकपणे दिसतात. महाचैत्याच्या लेखांत राजा वीरपुरुषदत्ताची आत्या चांतसिरी भेटते. बोधिसिरी नावाच्या उपासिकेचा लेख ताम्रपर्णीच्या, म्हणजे श्रीलंकेच्या आचार्यांचा उल्लेख करतो आणि त्यांनी धम्माकडे वळवलेल्या प्रदेशांची नावे देतो. त्यांत काश्मीर, गंधार, चीन, तोसली, वंग आणि वनवासीबरोबर अपरांत म्हणजे आपले कोकणही आहे. आभीर राजा वसुसेनाच्या काळातला, विष्णूच्या अष्टभुजस्वामी रूपाचा उल्लेख करणारा लेखही इथलाच. आभीरांचा दुसरा महत्त्वाचा लेख, ईश्वरसेनाचा, नाशिकच्या लेण्यांत आहे. कृष्णेकाठचे हे खोरे एका प्रांताच्या इतिहासात मावणारे नव्हते.

पाणी चढण्यापूर्वी नऊ वास्तू उचलून डोंगरावर पुन्हा उभारल्या गेल्या, चौदांच्या लहान प्रतिकृती केल्या गेल्या आणि काही वास्तू जलाशयाकाठी अनुपू इथे नेल्या गेल्या. हे काम मेहनतीचे होते आणि त्याचे मोल मोठे आहे. पण दगड हलवता येतो, अंतर हलवता येत नाही. कोणता विहार कोणत्या देवळापासून किती पावलांवर होता, राजवाड्यापासून घाटाकडे जाणारी वाट कुठून जाई, कोणत्या पंथाच्या भिक्षूंचा शेजार कोणाला होता, हे प्रश्न जागेचे आहेत. वास्तू जागेवरून उठली की त्यांची उत्तरे फक्त नकाशात आणि उत्खननाच्या अहवालात उरतात.

म्हणून अहवालाच्या तारखा पाहाव्या लागतात. धरणाच्या कालव्यांत १९६७ मध्ये पाणी सोडले गेले. अहवालाचा पहिला खंड १९७५ मध्ये निघाला. ऐतिहासिक काळाचा, म्हणजे प्रत्यक्ष विजयपुरीचा, दुसरा खंड २००६ मध्ये. मधल्या काळात वार्षिक वृत्तांत आले, शिलालेखांची संपादने झाली. पण संपूर्ण मांडणीसाठी उत्खनन संपल्यावर ४६ वर्षे थांबावे लागले. इतर कोणत्याही स्थळी शंका आली तर अभ्यासक पुन्हा जागेवर जातो, खड्ड्याची कड तपासतो. इथे परत जायला जागाच नव्हती. मूळ ग्रंथ पाण्यात आणि त्याचे वाचन फाइलींत, अशी चार दशके गेली. खोदणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेल्या कितीतरी गोष्टी टिपणांपर्यंत पोचत नाहीत, त्या त्याच्याबरोबरच जातात.

हे धरणाविरुद्धचे आरोपपत्र नव्हे. दोन्ही कालवे मिळून सुमारे २२ लाख एकरांना पाणी देण्याची ही योजना आहे आणि त्या पाण्याने कोरडवाहू गावांचे जगणे बदलले. ज्यांची गावे आणि तांडे त्या पाण्याखाली गेले त्यांचे जगणेही बदलले. शेत आणि पायवाट क्रमांक घालून डोंगरावर नेता येत नाही.

याच नदीवर थोडे वर, श्रीशैलम धरणाच्या वेळी, पापनाशी समूहाची देवळे आणि कूडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर आलमपूरला हलवले गेले. कृष्णेला मिळणाऱ्या भीमेवर, उजनीच्या जलाशयात, पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले की दिसू लागते आणि लोक फोटो काढायला गर्दी करतात. नद्या अडवल्या जातच राहणार. त्यामुळे मागणी साधी असावी. धरणाचे दरवाजे कधी बंद होणार हे ज्या कागदावर ठरते, त्याच कागदावर अहवाल कधी छापून येणार हेही ठरावे. नकाशे काढणारा, टिपणे लावणारा, चार भाषांत ती पोचवणारा यांचा खर्च खोदाईइतकाच प्रकल्पाच्या खर्चात धरला जावा. एरवी दगड डोंगरावर सुखरूप राहतील आणि ते कुठून आले हे सांगणारे पान मात्र कपाटात पडून राहील.