शिरपामाळ : अवधानाचे दोन धडे

सुरतेकडे निघालेल्या शिवाजी महाराजांचा जव्हारच्या राजा विक्रमशहाने शिरपेच देऊन सन्मान केला, म्हणून तो माळ ‘शिरपामाळ’ झाला, असे परंपरा सांगते. जानेवारी १६६४ मध्ये मराठे जवळ आल्याची वार्ता सुरतेत सर्वांनाच पोचली. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडला. शहर लुटले गेले. इंग्रज वखारीच्या जॉर्ज ऑक्झेंडनने मात्र जहाजांवरील खलाशी आणून पहारे बसवले, वखार वाचली. हत्यारापूर्वी अवधान येते, ते असे.

परंतु आम्हांस दुसरा धडा अधिक अवघड वाटतो. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हारच जिंकले. शत्रूची चाहूल घेणे सोपे. ज्याला आपण शिरपेच दिला, त्याच्या बदलत्या गरजांची चाहूल घेणे कठीण.