दोन हजेऱ्या

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात गडचांदूर, आवारपूर, नारंडा अशी सिमेंटची गावं एकमेकांपासून फार लांब नाहीत. एका पाळीला इथे आणि दुसरीला तिथे, असं काम करायचं कुणी मनात आणलं तर अंतर आड येणार नाही. २०२५पर्यंत आड येई ते १९४८च्या कारखाना अधिनियमाचं कलम ६०. कामगार एका कारखान्यात राबला असेल, तर त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्याने त्याला कामावर घ्यायचं नाही. चुनखडीच्या आणि कोळशाच्या खाणींना तेव्हा १९५२चा खाण अधिनियम लागू होता. तिथे तारीख पाहत नसत, तास मोजत: आधीच्या बारा तासांत दुसऱ्या खाणीत काम केलेलं नसावं.

या बंदीचं मूळ मोठ्या माणसांत नाही, पोरांत आहे. १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांत मुलांसाठी दिवसाला सहा तासांची मर्यादा घातली आणि मोठ्या पुरुषांसाठी बारा. सहा तासांची ही पोरं ‘हाफ-टायमर’. कायद्याने उरलेला अर्धा दिवस मुलाला दिला. आईबापांनी तो दुसऱ्या गिरणीला दिला. सकाळी एक गिरणी, दुपारी दुसरी. वयाचा दाखला डॉक्टरकडून घ्यावा लागे, तेव्हा एकाच पोराचे दोन नावांनी दोन दाखले निघत. सहा आणि सहा बारा. म्हणजे पोरगं बापाइतकंच राबे आणि दोन्ही गिरण्यांची कागदपत्रं चोख राहत. १९२६च्या दुरुस्तीने त्यावर शिक्षा ठेवली, ती आईबापांना. पोरं मिळतात म्हणून गिरणीमालक दाराशी उभा असताना उपाशी घराला दंड, हा न्याय मला आजही खटकतो.

सरकारी नोकराच्या जोडधंद्यावरची बंदी मात्र वेगळ्या कुळातली. तिथे थकव्याचा प्रश्नच नव्हता, प्रश्न खिशाचा होता. ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर तुटपुंज्या पगारावर यायचे आणि स्वतःच्या व्यापारावर गबर व्हायचे. कळस म्हणजे क्लाइव्ह. कंपनीकडे चोवीस परगण्यांची जमीनदारी होती. तिच्यासाठी कंपनीने भरायचा सारा बंगालचा नवाब मीर जाफर याने क्लाइव्हला जहागीर म्हणून लिहून दिला. म्हणजे कंपनी आपल्याच नोकराचं कूळ झाली. हाच गृहस्थ १७६५मध्ये गव्हर्नर होऊन परत आला तेव्हा त्याने हाताखालच्यांकडून नजराणे न घेण्याचे करार सही करून घेतले, आणि मिठाच्या व्यापारात वरिष्ठांना हिस्सेही वाटले! पुढे कॉर्नवॉलिसने कलेक्टरचा खासगी व्यापार बंद केला, पण रिकाम्या हाताने नाही: महिना १५०० रुपये पगार आणि वसुलीवर कमिशन दिलं.

कोरपन्याचा मुलूख मात्र कंपनीचा नव्हता, निजामाचा होता. तो ज्यात मोडे तो राजुरा तालुका हैदराबाद संस्थानात होता आणि चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्याला जोडला गेला १९५९मध्ये. निजामाच्या राज्यातही तोच घोळ. तालुकदार म्हणजे साऱ्याचा मक्तेदार. सरकारला ठरलेली रक्कम भरायची, वर निघेल ते आपलं. निजामाचा दिवाण सालारजंग याने १८६५च्या जिल्हाबंदीत मक्ते मोडले आणि तालुकदाराला पगारी अधिकारी केलं.

महाराष्ट्राच्या १९७९च्या वर्तणूक नियमांत हेच कूळ दिसतं. परवानगीशिवाय व्यापार नाही, दुसरी नोकरी नाही. लेखन-कलेचं प्रासंगिक काम चालतं. एक स्पष्टीकरण मात्र खास आपल्या अनुभवातून आलेलं वाटतं: बायकोच्या नावावर विम्याची एजन्सी असेल आणि सरकारी नोकर नवरा तिच्यासाठी गिऱ्हाईक गाठत फिरत असेल, तर तोही नियमभंगच. ज्याने हे लिहिलं त्याला गावाची पक्की माहिती असणार.

गावात या नियमाला एक जुना अपवाद अजून वावरतो, पोलीस पाटील. वतन गेलं, पण १९६८च्या आदेशाने त्याला शेती आणि गावातला धंदा करायची मुभा ठेवली. अटी दोन: कामात खोट येऊ नये आणि इतरत्र पूर्णवेळ नोकरी धरू नये. मानधनावर घर चालत नाही हे सरकारने इथे निमूट कबूल केलं आहे. बाकीच्यांच्या बाबतीत ते कबूल करायला जड जातं.

तिसरं कूळ मालकाचं. १९४६च्या स्थायी आदेश अधिनियमाखालच्या नमुन्यात अशी अट आली की कामगाराने मालकाच्या हिताला बाधा येईल अशी दुसरी नोकरी करू नये. ‘हिताला बाधा’ आली की नाही हे आधी मालकच ठरवतो. २०२२मध्ये विप्रो या आयटी कंपनीने प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं, तेव्हा वाद पेटला तो याच कुळातला. प्रतिस्पर्ध्याचं काम करणं मलाही गैर वाटतं. पण पोराच्या थकव्यातून आलेला नियम आणि मालकाच्या हक्कातून आलेला नियम एकाच ‘निष्ठे’च्या नावाखाली खपवले जातात, तिथे माझी तक्रार आहे.

कारण निष्ठेचं माप लावलं तर सिमेंटचा कामगार कुठे बसवायचा? रात्रपाळी करून तो घरी येतो, चहा घेतो आणि कापूस फुटला असेल तर वेचायला बायकोबरोबर वावरात जातो. दुपारपर्यंत कंबर वाकलेली. संध्याकाळी पुन्हा पाळी. बारा-चौदा तास भरले तरी कलम ६० त्याला विचारत नव्हतं, कारण वावर हा कारखाना नाही. ही दुसरी हजेरी मालकालाही बोचत नाही: वावराचं उत्पन्न असलं की कंत्राटी रोज कमी देऊन भागतं.