शब्दवेध : मज्जा

डिसेंबरच्या पहाटे निफाडच्या बागांत द्राक्षमण्यांची विरळणी करताना कात्री धरलेली बोटं बधिर होतात. गारठ्यानं मज्जातंतूंतले संदेश मंदावतात म्हणून. पण मज्जा म्हणजे तर हाडातला मगज! आयुर्वेदाच्या सात धातूंत तिचा क्रम अस्थीनंतरचा. संस्कृत ‘मस्ज्’ म्हणजे बुडणे; हाडात बुडालेली ती मज्जा, अशी पारंपरिक व्युत्पत्ती. त्या हिशेबानं ‘मग्न’ आणि ‘निमज्जन’ ही तिची सख्खी भावंडं. (आपली ‘मज्जा’, म्हणजे मजा, मात्र फारसीतून आलेली पाहुणी.)

मग मज्जारज्जू कसा? मणक्यांच्या पोकळीतही मऊ दोर असतो. हाडात दडलेलं मऊ ते मज्जा, असा हिशेब दिसतो. लॅटिनचाही तोच. तिथे ‘मेडुला’ म्हणजे मगज, आणि मज्जारज्जू म्हणजे ‘मेडुला स्पायनॅलिस’.

सुमारे 45 सेंटिमीटरचा हा दोर कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो. त्यातून नसांच्या 31 जोड्या निघतात, मेंदूतून थेट आणखी 12. मेंदू आणि मज्जारज्जू ही मध्यवर्ती मज्जासंस्था, बाकीचं जाळं परिघीय. बोटांची तक्रार हातातून वर येते, मानेपाशी दोरात शिरते आणि मेंदूकडे जाते. या वाटेवर खरी मज्जा कुठेच नाही. पाठ्यपुस्तकातला ‘चेतासंस्था’ हा शब्द त्यामुळे अधिक नेमका. तरी मला जुना ‘मज्जासंस्था’च आवडतो.