मोडेम लागला की माउस मरतो

साल १९९७, पुणे. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात तुम्ही कॅबिनेटचं झाकण काढून उभे आहात. खिशात मोबाइल चाचपू नका, तो नाही. आत पेंटियम आहे, विंडोज ९५ आहे आणि लांबट काळ्या आयएसए स्लॉटमध्ये कालच बसवलेलं मोडेम कार्ड.

"नंबर फिरवायला घेतला की माउस जागच्या जागी थिजतो," मालक सांगतात. "कार्ड बदलून आणू का?"

"थांबा जरा."

मशीन पुन्हा चालू करा. मेमरीची मोजणी संपून तक्ता उमटला की पॉजची कळ दाबा, नाहीतर तो वाचायच्या आत पळतो. खालच्या यादीत पीसीआयवरची उपकरणं आहेत आणि प्रत्येकापुढे आयआरक्यूचा, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या इंटरप्ट लाइनीचा, आकडा. हे वाटप बायोसने केलंय, आणि फार हुशारीने. कार्डाच्या पत्ता-रजिस्टरमध्ये तो सगळीकडे १ लिहितो आणि लगेच परत वाचतो. पत्त्यातले जे बिट हट्टाने शून्यच राहतात, त्यांवरून कार्डाला केवढी जागा लागते ते कळतं. मग पत्ता आणि इंटरप्ट ठरवून तो ते कार्डाच्याच २५६ बाइटच्या नोंदवहीत लिहून ठेवतो. विचारणाऱ्याने फक्त तिथे वाचायचं.

तुमचं मोडेम मात्र या यादीत नाहीच. ते जंपरवालं, म्हणजे पिनांवरच्या बारीक टोप्या हलवून आकडे ठरवायचं; त्याला जे काही दिलंय ते कारखान्याने किंवा बसवणाऱ्याने, बायोसला त्याचा पत्ताही नाही.

आता विंडोजला विचारा. माय कंप्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिव्हाइस मॅनेजर. इथे बहुतेक जण थेट मोडेमच्या नावावर जातात. तुम्ही सगळ्यात वरच्या 'कंप्युटर' या ओळीवर डबल क्लिक करा. ० ते १५ पर्यंतचे सगळे आयआरक्यू आणि प्रत्येकावर कोण बसलंय, हे एका खिडकीत दिसतं. माझ्या मते विंडोज ९५ मधली सगळ्यात उपयोगी खिडकी हीच, आणि तीच कुणी उघडत नाही.

१९८१ च्या आयबीएम पीसीत अशा आठच लाइनी होत्या. १९८४ च्या एटीत दुसऱ्या इंटरप्ट चिपवर आणखी आठ आल्या, पण ती चिप पहिलीच्या २ नंबरवर टांगली, म्हणून हाती पंधराच. ० टायमरला, १ कीबोर्डला, ६ फ्लॉपीला, ७ प्रिंटरला, १४ आणि १५ हार्ड डिस्क-सीडीच्या चॅनलना. उरतं किती थोडं!

४ नंबर दोनदा दिसतोय. कॉम १ वर माउस, कॉम ३ वर मोडेम. दोघांचे पत्ते वेगळे, ३एफ८ आणि ३ई८, पण रिवाजाने इंटरप्ट एकच. पीसीआयवर दोघं एक लाइन वाटून घेऊ शकतात. आयएसएवर सहसा जमत नाही. मोडेम लाइन ताब्यात घेतं आणि माउसची हाक वर पोचत नाही.

५ रिकामा आहे. मशीन बंद करा, कार्ड उपसा, चिमट्याने आयआरक्यूचा जंपर ४ वरून ५ वर न्या. पत्त्याचा तसाच ठेवा. विंडोजमध्ये कॉम ३ च्या रिसोर्सेसमधली 'ऑटोमॅटिक सेटिंग्ज'ची खूण काढून तिथेही ५ लिहा. दोन्हीकडे एकच आकडा हवा, जंपरवाल्या कार्डांचं निम्मं दुखणं इथेच असतं. खालच्या चौकटीत आता कुणाशीही भांडण नसल्याचं लिहून येतं.

मोडेम किंचाळतं, लाइन लागते, माउस फिरतोय. मालक खूश.

"साहेब, उघडलंच आहे तर एक साउंड ब्लास्टर पण टाकून द्या ना. पोरांना गेम खेळायचेत."

साउंड ब्लास्टर १६ ची नेहमीची मागणी: पत्ता २२०, डीएमए १, आयआरक्यू ५. विंडोजमध्ये ते १० वरही खुशाल चालेल. पोरांचे डॉसमधले जुने गेम मात्र ५ सोडून दुसरीकडे बघतच नाहीत. झाकण लावू नका.