वृद्धापकाळाचें वेतन आणि वयाचा पुरावा

नोकरींतून निवृत्त झालेल्या माणसास सरकारनें वेतन द्यावें, ही कल्पना आपल्याकडे चांगली रुळलेली आहे. परंतु जिनें कधीं कोणाची कायमची चाकरी केली नाहीं, दुसऱ्याच्या शेतांत निंदण करून आणि कापूस वेंचून जिचें आयुष्य गेलें, अशा स्त्रीलाही केवळ म्हातारपण आणि दारिद्र्य या दोन कारणांसाठीं राज्यानें दरमहा कांहीं द्यावें, ही कल्पना मात्र अलीकडची होय. तिचा इतिहास मी आज थोडक्यांत सांगणार आहें. आणि आमच्या बाभुळगांवासारख्या वऱ्हाडांतील तालुक्याच्या गांवीं त्या कल्पनेला कोणता अडसर भेटतो, हेंही श्रोत्यांपुढें ठेवणार आहें.

पेशवाईच्या दप्तरांत वर्षासनें सांपडतात, इनामें सांपडतात. लढाईंत पडलेल्या शिपायाच्या कुटुंबास दिलेली बालपरवेशीही सांपडते. हीं देणीं उदार होतीं. पण तीं विद्येबद्दल, सेवेबद्दल किंवा सांडलेल्या रक्ताबद्दल होतीं. निराधार म्हाताऱ्याची सोय मुलाबाळांवर आणि गांवाच्या दयेवर सोंपविलेली असे. इंग्रजी अमदानींत पेन्शन आलें, तें सरकारी नोकराचें. मी स्वतः शिक्षक म्हणून तें घेतों, आणि त्यासाठीं मला माझें दारिद्र्य कोणापुढें सिद्ध करावें लागलें नाहीं.

युरोपांत बिस्मार्कनें १८८९ सालीं वृद्धांच्या विम्याचा कायदा केला, पण त्यांत मजुराला स्वतःची वर्गणी भरावी लागे. वर्गणीवांचून मदत देण्याची वाट डेन्मार्कनें १८९१ त व न्यूझीलंडनें १८९८ त धरली. ब्रिटनमध्यें १९०८ चा कायदा होऊन १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांवरील गरिबांना आठवड्यास जास्तींत जास्त पांच शिलिंग मिळूं लागले. हा कायदा आयर्लंडलाही लागू होता, आणि तेथें एक मोठी गंमतीची अडचण उभी राहिली. आयर्लंडांत जन्माची सरसकट सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झालेली. मग १८३९ च्या सुमारास जन्मलेल्या खेडुतानें आपलें वय सिद्ध कसें करावें? ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीं त्या देशावर एक भयंकर वादळ कोसळलें होतें. ज्याला तें वादळ आठवतें त्याचें वय सत्तर खास, असा हिशेब निघाला आणि पुष्कळांनीं तीच आठवण पुराव्यादाखल सांगितली. ज्यांना ती खरोखर होती त्यांहून किती तरी अधिक लोकांना ती एकाएकीं झाली, हें सांगावयास नकोच.

आपल्या देशांत राज्यघटनेच्या एकेचाळिसाव्या अनुच्छेदानें वृद्धापकाळीं सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क मान्य केला. मात्र राज्याच्या आर्थिक कुवतीची मर्यादा घालून. उत्तर प्रदेशानें १९५७ त अशी योजना प्रथम काढली. महाराष्ट्रांत संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची. केंद्र सरकारनें १५ ऑगस्ट १९९५ पासून वृद्धांसाठीं महिना ७५ रुपये देऊं केले. पुढें ते २०० झाले. २००१ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयास असा हुकूम द्यावा लागला कीं, ही रक्कम दरमहा सात तारखेच्या आंत पोंचती करावी. महाराष्ट्रांत पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठीं श्रावणबाळाच्या नांवाची योजना आहे. तिची रक्कम २०१९ सालीं सहाशेंवरून एक हजार व २०२३ सालीं दीड हजार झाली. आईबापांची कावड वाहणाऱ्या पुत्राचें नांव नेमकें त्या योजनेला मिळावें, जी ज्यांची कावड वाहणारें कोणी नाहीं त्यांच्यासाठीं आहे, हा योग मला फार बोलका वाटतो.

अर्ज तहसीलदारांकडे करावयाचा. महाराष्ट्रांत पंधरा वर्षांचें वास्तव्य हवें. अर्जदाराचें नांव दारिद्र्यरेषेखालील यादींत नसेल, तर कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आंत असल्याचा दाखला हवा. रक्कम २०२३ त वाढली, तरी ही मर्यादा होती तेथेंच राहिली. तिचा हिशेब दिवसाला अठ्ठावन्न रुपयांहूनही कमी पडतो. मंजुरी मिळाल्यावर हयातीचा दाखला वर्षाकांठीं द्यावयाचा. पण अर्ज अडतो तो बहुधा वयापाशीं.

आज ज्यांनीं पासष्टी ओलांडली, ते जन्म-मृत्यूच्या नोंदीचा १९६९ चा कायदा होण्यापूर्वीं जन्मलेले आहेत. त्यांतील पुरुष दोन-चार इयत्ता तरी शाळेंत गेलेले असतात. जन्मतारीख ठाऊक नसलेलें मूल आलें म्हणजे त्या वेळचे गुरुजी त्याला न्याहाळीत आणि अदमासानें साल घालून १ जून किंवा १ जुलै अशी तारीख लिहीत. जुन्या शाळेचें दाखलखारीज पुस्तक उघडावें, तर अर्धा वर्ग एकाच दिवशीं जन्मल्यासारखा दिसतो! तेव्हां त्या तारखेनें कोणाचें कांहीं बिघडत नव्हतें. आज तो अदमास दोन वर्षांनीं चुकलेला निघाला, तर म्हाताऱ्याचे चोवीस हप्ते जातात, म्हणजे छत्तीस हजार रुपये.

स्त्रियांची गोष्ट याहून बिकट. शाळा त्यांनीं पाहिलेली नसते. वऱ्हाडांत जुन्या जन्मनोंदीच्या वहीला कोतवाल बुक म्हणतात. तींत पुष्कळदां बापाचें नांव आणि पुढें ‘मुलगी’ एवढेंच सांपडतें. त्या मुलीचें नांव बारशाला ठेविलेलें, लग्नांत बदललेलें, आणि सासर दुसऱ्या तालुक्यांत. ती वहींतली मुलगी आणि ही समोर उभी असलेली म्हातारी एकच, हें सांगणारे साक्षीदार केव्हांच गेलेले असतात. त्यांत कामानें बोटांच्या रेषा झिजलेल्या. आधारच्या यंत्राला तीही ओळख पटत नाहीं.

आपल्या घरीं धुणीं-भांडीं करणारी एखादी वृद्धा अशीच असेल, म्हणून हें मुद्दाम सांगतों. जन्मनोंदीचा उतारा किंवा शाळेचा दाखला नाहीं एवढ्यावरून अर्ज संपत नाहीं. शिधापत्रिकेवरील किंवा मतदार यादींतील वयही नियमांत चालतें; आणि तेंही नसल्यास ग्रामीण अथवा नागरी रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक अर्जदारास तपासून वयाचा दाखला देऊं शकतात. पुष्कळांना ही शेवटची वाट ठाऊकच नसते, आणि तीं माणसें कोतवाल बुकांतली नोंद शोधीत एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत हिंडत राहतात. डॉक्टरांचें अनुमान हेंही शेवटीं अनुमानच. दांत, दृष्टि आणि हाडें पाहून केलेलें असल्यानें गुरुजींच्या १ जुलैपेक्षां तें कांहीं कमी विश्वासाचें नव्हे.